सॅकमध्ये कोणती पावडर घ्यावी?

दसरा झाला, पाऊस ओसरला, की माझ्या दुकानात एक ठरावीक प्रकारचं गिऱ्हाईक यायला लागतं. पंचविशीतली दोन-तीन मुलंमुली, कधी त्यांच्याबरोबर निवृत्तीनंतर नव्याने डोंगर चढू लागलेले एखादे काका. नाशिकमध्ये माझं औषधांचं दुकान आहे आणि मी स्वतः गेली पंचवीस वर्षं सह्याद्रीत हिंडते, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. त्यामुळे प्रस्तावना न करता ते विचारतात, "ताई, आम्ही चार दिवस रेंज ट्रेकला चाललोय. ताकदीची एखादी चांगली पावडर द्या ना."

श्रोतेहो, हा 'ताकदीची पावडर' शब्द मला फार अडचणीचा वाटतो. माझ्यामागच्या फळ्यांवर या नावाखाली खपणारे निदान वीस डबे उभे असतात. त्यात ग्लुकोज असतं, माल्टची चॉकलेटी पावडर असते, प्रथिनांचे मोठमोठे डबे असतात, जेवणाऐवजी घ्यायची म्हणून विकली जाणारी पावडर असते, आणि कोपऱ्यात ओआरएसच्या पुड्या असतात. या प्रत्येकाचं काम वेगळं आहे. एकाचं काम दुसरं करत नाही. डोंगरात मात्र माणूस एकच डबा नेतो आणि त्याने सगळी कामं करावीत अशी अपेक्षा ठेवतो. म्हणून मी उलट विचारते, "तुमच्या दिवसात नेमकी कमी कशाची पडणार आहे?"

एक नेहमीची वाट घेऊ. रतनवाडीहून रतनगड, तिथून कात्राबाईची खिंड उतरून कुमशेत, मग पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. बहुतेक गट ही वाट तीन-चार दिवसांत करतात. सकाळी सातला पोहे किंवा उपमा होतो. रात्री गडावर खिचडी शिजते, किंवा गावात कुणाच्या घरी पिठलं-भाकरी मिळते. म्हणजे सकाळ-संध्याकाळची चिंता नाही. प्रश्न आहे तो मधल्या दहा-अकरा तासांचा. दुपारी उन्हात चूल मांडून कुणी स्वयंपाक करत नाही. बिस्किटाचा पुडा फिरतो, एखादं संत्रं सोललं जातं आणि लोक पुढे चालू लागतात.

साठ किलो वजनाचा माणूस पाठीवर दहा-बारा किलो घेऊन सहा-सात तास चढउतार करतो, तेव्हा त्याच्या शरीराचा दिवसाचा एकूण खर्च तीन ते साडेतीन हजार कॅलरींच्या घरात जातो. नाश्ता, चहा आणि रात्रीचं जेवण मिळून दीड हजार, फार तर अठराशे पोटात जातात. उरलेली सगळी तूट भरून काढलीच पाहिजे असं नाही. चार दिवस थोडंफार शरीर आपल्या चरबीतून भागवतं. पण स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेली साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात, ती जेमतेम चारशे-पाचशे ग्रॅम असते. दिवसा काहीच न खाता चाललं आणि रात्रीही अर्धपोटी झोपलं, तर हा साठा रोज थोडा थोडा खाली जातो. तिसऱ्या दिवशी दुपारी पाय जड होतात, माणूस चिडचिडा होतो, आणि उतारावर पाऊल नेमकं पडत नाही. डोंगरात माणूस जखमी होतो तो बऱ्याचदा अशा दमलेल्या उतरणीवर. पावडर निवडायची ती ही उतरण डोळ्यांसमोर ठेवून.

आता डब्यांकडे वळू. सगळ्यात आधी प्रथिनांची पावडर, कारण तरुण मुलं तिच्याकडेच बोट दाखवतात. दुधातल्या निवळीपासून केलेल्या या पावडरीचा एक मोठा चमचा तीस ते पस्तीस ग्रॅमचा असतो. त्यातून चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि कॅलरी मिळतात साधारण सव्वाशे. प्रथिनं हवीतच, ती स्नायूंची डागडुजी करतात. पण ते रात्रीचं काम आहे. चढावर पाय उचलायला लागतं ते पिष्टमय पदार्थांचं आणि चरबीचं इंधन, आणि ते या डब्यात नसल्यात जमा असतं. मिस्त्री बोलावला, पण विटाच आणल्या नाहीत, असा हा प्रकार. शिवाय खिचडीतली डाळ, शेंगदाणे, दूध यांतून चार दिवसांची गरज सहज भागते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्येही स्नायू कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी घेऊ नयेत, असाच सल्ला दिलेला आहे. मी हा डबा विकते, पण ट्रेकसाठी म्हणून कुणी मागितला तर परत फळीवर ठेवते.

माल्टच्या पावडरी आपल्या सगळ्यांच्या लहानपणापासून ओळखीच्या. त्या वाईट नाहीत, पण त्यांचं लेबल नीट वाचायला हवं. शंभर ग्रॅममध्ये पावणेचारशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि त्यातला बराच भाग साखरेचा आणि माल्टचा असतो. पुष्कळ डब्यांवर पोषणमूल्यांचे दोन रकाने असतात, एक नुसत्या पावडरीचा आणि दुसरा 'दुधासोबत' घेतल्यावरचा. जाहिरातीत मिरवले जाणारे आकडे अनेकदा या दुसऱ्या रकान्यातले असतात. कुमशेतच्या वाटेवर तुम्ही ती पाण्यात कालवणार, तेव्हा पहिला रकाना वाचा. 'हेल्थ ड्रिंक' या शब्दालाही फार भुलू नका. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात अशी काही व्याख्याच नाही, आणि एप्रिल २०२४मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने इंटरनेटवरच्या दुकानांना ही पेयं त्या सदरातून काढायला सांगितलं होतं.

लेबलावरची आणखी एक गंमत म्हणजे 'एका वेळचं प्रमाण'. कुणी ते वीस ग्रॅम धरतं, कुणी तेहतीस, कुणी पन्नास. त्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. नेहमी 'प्रति १०० ग्रॅम' हा रकाना शोधायचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असते, म्हणजे ज्याचं नाव पहिलं ते सर्वांत जास्त. साखर, लिक्विड ग्लुकोज, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, माल्टोडेक्स्ट्रिन अशी नावं वेगवेगळी विखुरलेली असली, तरी ती एकाच कुटुंबातली आहेत. घरी बसून रोज ही पावडर पिणाऱ्या मुलाच्या आईला मी या यादीवरून सावध करते. डोंगरात मात्र साखर शत्रू नाही. तिथे तिला काम आहे.

त्यातलं माल्टोडेक्स्ट्रिन जरा समजून घेण्यासारखं आहे. मक्यासारख्या धान्याच्या स्टार्चचे छोटे तुकडे करून ते बनवतात. ऊर्जा साखरेइतकीच, पण गोडी फारच कमी. त्यामुळे उन्हात चौथ्यांदा बाटली तोंडाला लावतानाही उबग येत नाही. खेळाडूंसाठीच्या पेयांत ते एवढ्याचसाठी घालतात.

इथे एक हिशेब मी सगळ्यांना करायला लावते. चालता चालता प्यायचं गोड पाणी एका लिटरला साठ ते ऐंशी ग्रॅम साखरेपेक्षा दाट असू नये. त्याहून दाट झालं तर ते पोटातून पुढे लवकर सरकत नाही, मळमळतं, पोटात डुचमळतं. म्हणजे एक लिटर पेयातून तुम्हाला मिळणार अडीचशे ते तीनशे कॅलरी. आता मार्च महिन्यात गडावरची टाकी आटलेली असतात आणि तीन लिटर पाणी, म्हणजे तीन किलो, पाठीवर असतं. पावडर हलकी असते हो, पण तिचं पाणी हलकं नसतं. पाणी मुबलक असेल तिथे पावडर उत्तम. कोरड्या धारेवर मात्र खजूर, चिक्की, गूळ-शेंगदाणे खावेत आणि पाणी पाणी म्हणूनच प्यावं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात आणि त्यात काही कालवावं लागत नाही. ही गोष्ट मी दुकानात सांगितली की माझा मुलगा कपाळाला हात लावतो, कारण शेंगदाणे आमच्याकडे मिळत नाहीत.

आता मिठाकडे येते, आणि इथे थोडी रेंगाळणार आहे, कारण गंभीर प्रसंग इथे उद्भवतात.

घाम म्हणजे नुसतं पाणी नव्हे. एक लिटर घामाबरोबर अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम निघून जातं, माणसागणिक हे प्रमाण बदलतं. टोपीवर आणि शर्टाच्या पाठीवर पांढरे डाग दिसतात ते यामुळेच. कोकणातून घाटावर चढणाऱ्या वाटांवर, दमट उकाड्यात, तासाला एक लिटर घाम जाणं काही विशेष नाही. अशा वेळी लोक दोन चुकीच्या गोष्टी करतात. एक म्हणजे नुसतं ग्लुकोज पितात. ग्लुकोजच्या पावडरीने तरतरी येते, पण तिच्यात मीठ जवळपास नसतंच. दुसरी गोष्ट अधिक धोक्याची. 'पाणी पी, पाणी पी' असं म्हणत माणसाला तासन्‌तास नुसतं पाणी पाजत राहतात. रक्तातलं सोडियम त्यामुळे पातळ होत जातं. डोकं दुखतं, उलटीची भावना होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. बरोबरच्यांना वाटतं की याला पाणी कमी पडलं, म्हणून ते आणखी पाजतात. भरपूर पाणी पिऊन, भरपूर लघवी होऊनही कुणी गोंधळल्यासारखा वागत असेल, तर पाणी थांबवा आणि त्याला खाली न्या. तिथे वैद्यकीय मदतच लागते.

ओआरएसची पुडी या दोन टोकांच्या मधली वाट दाखवते. १९७१मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलऱ्याची साथ पसरली. बंगालमधल्या बनगाव इथे सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून रुग्णांना पाजलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आणलं. त्यामागचं तत्त्व साधं आहे. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकाच दारातून, जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषलं जातं. ही जोडी तुटली की पाणी आत जायचा वेग मंदावतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००२मध्ये ठरवलेल्या सूत्रात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. एकूण साडेवीस ग्रॅम. यातून कॅलरी मिळतात पन्नास-पंचावन्न, म्हणजे दोन बिस्किटांइतक्या. ओआरएस हे अन्न नव्हे, हे त्यावरून लक्षात यावं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ही पुडी कालवण्याच्या पद्धतीची. मोठी पुडी एका लिटरची असते. छोटी, चार-साडेचार ग्रॅमची, दोनशे मिलिलिटरची, म्हणजे एका पेल्याची असते. ट्रेकमध्ये मोठी पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतली जाते आणि 'स्ट्राँग झालंय, लवकर बरं वाटेल' असं म्हणून प्यायली जाते. मिठाचं प्रमाण दुप्पट झालं, की तेच पाणी शरीरातलं पाणी आतड्याकडे ओढतं. जुलाब होत असतील तर ते वाढतात, तहान वाढते. पुडीवर लिहिलं असेल तेवढंच पाणी, त्यात रस नाही, दूध नाही, वरून साखर नाही. तयार केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्यायचं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. 'सपाट' हा शब्द महत्त्वाचा आहे.

फळांच्या चवीची, खोक्यातून मिळणारी पेयंही बरेच दिवस ओआरएसच्या नावाने खपत होती. त्यांत साखर कितीतरी जास्त आणि मीठ कमी असायचं. ऑक्टोबर २०२५मध्ये अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरं वापरायला मनाई केली. तरीही पुडी घेताना मागची बाजू वाचायची सवय ठेवा. रोजच्या चालण्यात, जुलाब-उलट्या नसताना, एवढं खारट पाणी दिवसभर प्यायची गरज नसते. दुपारपर्यंत एखादी छोटी पुडी आणि बाकी साधं पाणी, जोडीला खारे शेंगदाणे किंवा लोणच्याची फोड, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पुडीसुद्धा घेऊ नये.

तहानेचं झालं, आता भुकेचं. जेवणाऐवजी घ्यायच्या पावडरी बाजारात आहेत, त्या चालतात, महाग असतात. माझ्या मते आपल्याकडे त्याहून चांगली गोष्ट शतकानुशतकं आहे. बिहारमधला कष्टकरी माणूस हरभऱ्याचं सत्तू पाण्यात कालवून पितो आणि उन्हात दिवसभर राबतो. आपल्याकडे गहू आणि डाळ भाजून, वेलदोडा घालून केलेलं सातूचं पीठ असतं. लहानपणी आजीने ते गूळ-दुधात कालवून दिलेलं तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. यातलं मर्म असं, की धान्य आधीच भाजलेलं असतं, त्यामुळे ते शिजवावं लागत नाही. नाचणीचं सत्त्व पौष्टिक असलं तरी ते शिजवूनच घ्यावं लागतं, म्हणून ते मुक्कामाच्या ठिकाणी ठीक, वाटेवर नाही.

माझ्या सॅकमध्ये असतं ते मिश्रण सांगते. एका वेळेसाठी चाळीस ग्रॅम पंढरपुरी डाळ्यांचं बारीक दळून चाळलेलं पीठ, तीस ग्रॅम फुल क्रीम दूध पावडर, वीस ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि सुंठ. नव्वद ग्रॅममध्ये पावणेचारशेच्या आसपास कॅलरी आणि पंधरा-सोळा ग्रॅम प्रथिनं मिळतात. तीनशे मिलिलिटर पाणी पुरतं. गूळ चवीला सरस, पण गुळाची पावडर दमटपणाने दगडासारखी होते. दुकानदार दूध पावडर म्हणून पुष्कळदा डेअरी व्हाइटनर देतो, त्यात साखर आधीच मिसळलेली असते आणि दुधाचा अंश तेवढा कमी. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत शंभर ग्रॅमला साधारण साडेतीनशे कॅलरी, तर फुल क्रीममध्ये पाचशेच्या जवळ. शहरात ज्या चरबीला आपण दूर ठेवतो, तीच पाठीवरच्या प्रत्येक ग्रॅमचा मोबदला देते, कारण चरबीत ग्रॅमला नऊ कॅलरी असतात आणि साखरेत चार.

हे मिश्रण ओढ्याकाठी, सावलीत, बसून प्यायचं आहे. लगेच कडक चढ असेल तर अर्धंच घ्यावं. आधी थोड्या पाण्यात दाट कालवायचं, मग उरलेलं पाणी घालायचं, नाहीतर गुठळ्या होतात. आणि ते कालवलं की लगेच संपवायचं. दूध असलेलं पेय उन्हात बाटलीत तासभर हिंदकळलं, की त्याचा भरवसा नाही. त्यासाठी रुंद तोंडाची वेगळी बाटली ठेवा, पाण्याच्या बाटलीत दूध कालवू नका, आणि नळीने प्यायच्या पिशवीत तर मुळीच नाही. ती नळी धुणं हे एक स्वतंत्र व्रत आहे.

हिमालयात हिशेब थोडा बदलतो. चार हजार मीटरच्या आसपास अन्नावरची वासनाच उडते. जेवणाचं ताट समोर आलं तरी घास जात नाही, पण गरम आणि गोड काहीतरी घोट घोट जातं. तिथे दूध पावडर आणि माल्टची पावडर यांचं गरम पेय फार उपयोगी पडतं. त्या उंचीवर पाणी शहाऐंशी-सत्त्याऐंशी अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ शिजायला वेळ लागतो, पावडर मात्र तक्रार न करता विरघळते.

मधुमेह असलेल्यांसाठी दोन शब्द. ते बहुधा 'शुगर फ्री' डबा मागतात. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला सात तासांच्या चालीत धोका असतो तो साखर घसरण्याचा. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन चमचे, लगेच पाण्यातून द्यावं लागतं. त्या क्षणी शुगर फ्री पावडर काही कामाची नाही. निघण्यापूर्वी औषधाची मात्रा डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि ग्लुकोजची पुडी सॅकच्या तळाशी नको, कमरेच्या खिशात हवी. ती कुठे आहे हे बरोबरच्या दोघांना तरी माहीत असू द्या.

कुठलीही पावडर पहिल्यांदा रतनगडाच्या पायथ्याशी उघडू नका. आधीच्या रविवारी रामशेज किंवा अंजनेरीला जाताना ती पिऊन बघा. दूध न पचणारे लोक आपल्यात पुष्कळ आहेत, आणि ते चहापुरतं दूध पीत असल्याने त्यांना स्वतःलाही याचा पत्ता नसतो. अशांनी मिश्रणात दूध पावडरीऐवजी डाळ्याचं पीठच वाढवावं.

डबा आहे तसा नेऊ नका. घरीच एकेका वेळेच्या पुड्या बांधा, दोन पिशव्या एकात एक घालून, आणि प्रत्येकीवर जाड पेनाने किती पाणी घालायचं ते लिहा. दमलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी प्रमाण आठवत नाही. रिकाम्या पिशव्या परत आणायच्या, हे सांगायला नको. परत आल्यावर उरलेल्या पुड्या उघडून वास घ्या. फुल क्रीम दूध पावडरीला उष्णतेने खवट वास लागतो, आणि तो लागला असेल तर पुढच्या ट्रेकसाठी ती ठेवू नका.